माजिवड्याची माती कल्याणला नेणारा पडाव

मित्रांनो, माजिवड्याच्या खाडीवर चिंचेखाली एक पडाव, म्हणजे माल वाहायची होडी, पालथा पडलाय, बघितलाय ना? ज्याच्यावर बाया सुकट वाळत घालतात आणि ज्याच्या सावलीत कुत्री झोपतात? तो मी. लाजायचं काय त्यात? मी जुना झालोय, हे मीच सांगून टाकतो, म्हणजे तुम्हाला बोट दाखवायला नको.

माझा जन्म वसईचा. सागाच्या फळ्या, आईनाच्या फासळ्या. सुतारांनी मला वाकवलं, ठोकलं, फटींत कापूस कोंबला, वरनं राळ ओतली. नव्या पडावाला फार माज असतो, बरं का. मला वाटलं, आता आपण समुद्रात जाणार, लांबच्या बंदरांतनं लवंगा-वेलदोडे आणणार. कसल्या लवंगा आणि कसले वेलदोडे! माजिवड्याच्या भिवा तांडेलानं मला आणला आणि पहिल्याच दिवशी पोटात मीठ भरलं. पुढं जन्मभर मीठच. मिठागरातनं उचलायचं, भरतीबरोबर कल्याणला न्यायचं, ओहोटीबरोबर रिकामं परत यायचं.

तक्रार नाही माझी. खाऱ्या पाण्यात आणि मिठात लाकूड चांगलं मुरतं. आणि भिवासारखा तांडेल मिळाला. बोलायला खरखरीत माणूस. वल्हं मारणाऱ्या आनंदाला दिवसातनं दहा वेळा शिव्या द्यायचा, मला वीस वेळा. पण संध्याकाळी माझ्या नाळेवरनं, म्हणजे पुढच्या टोकावरनं, हात फिरवल्याशिवाय घरी गेला नाही कधी. त्याची बायको गोदा म्हणायची, "त्या लाकडाला कुरवालता, तसं कदी मला इच्यारता का, जेवलीस का म्हनून?" भिवा म्हणायचा, "तू सोताच्या हातानं जेवतेस. त्याला कोन तेल पाजनार?"

भिवाचा पोरगा धाकू. माझ्याच अंगाखांद्यावर वाढला. मिठागरात मीठ ओढून ओढून त्याचे पंजे असे झाले होते, की नारळ एका हातात मावायचा. भिवानं त्याला ठाण्याच्या इंग्रजी शाळेत घातला. आमची माणसं त्या शाळेला कालेज म्हणायची. ठाण्यात तेव्हा कुठलं आलं कालेज? पण बाकावर बसतात, इंग्रजी बोलतात, म्हणजे कालेजच. उगाच वाद कशाला घाला.

तर त्या कालेजात धाकूला फुटबालाचं वेड लागलं. तेव्हा राणीचं राज्य होतं आणि हा खेळ इकडे नवाच होता. चेंडू लाथेनंच मारायचा, हात लावायचा नाही. हात फक्त एकानं लावायचा. दोन खांब पुरलेले असतात, वर आडवी काठी, त्याच्यात जो उभा असतो त्यानं. चेंडू मागं जाऊ द्यायचा नाही, एवढंच त्याचं काम. पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा आनंदा म्हणाला, "दोन खांब आन् वर आडवं लाकूड? आरं, ही तर गावाची वेस झाली!" झालं. त्या दिवसापासनं माजिवड्यात सगळे म्हणायला लागले, धाकू वेस राखतो.

आणि राखायचा, मित्रांनो. ते नारळाएवढे पंजे चेंडूवर बसले की चेंडू हलायचा नाही. आगगाडीच्या साहेबलोकांनी कल्याणला एक चांदीचा पेला लावला होता. बऱ्याच टीमा आल्या, हरल्या, घरी गेल्या. शेवटी उरल्या दोन. एक आगगाडीच्या कारखान्यातल्या लोकांची आणि दुसरी आमच्या कालेजाची.

इथंच घोळ झाला.

धाकूचं लग्न ठरलं होतं. मुलगी डोंबिवलीजवळच्या मानपाड्याची, शालू नावाची, राघो पाटलाची धाकटी लेक. सामना लग्नाच्या आधी होऊन जाणार होता. पण कुठला तरी मोठा साहेब पेला द्यायला येणार होता, त्याचा दौरा लांबला आणि सामना पुढं गेला. गेला तो बरोबर हळदीच्या आणि लग्नाच्या मधल्या दिवशी जाऊन बसला.

तुम्ही म्हणाल, मग काय झालं? खेळायचं आणि दुसऱ्या दिवशी बोहल्यावर चढायचं. अरे, इतकं सोपं असतं तर मी कशाला सांगत बसलो असतो? आमच्यात एकदा हळद लागली की नवऱ्यानं गावाची शीव ओलांडायची नाही. वरात निघाली की मगच. आणि राघो पाटील ह्या बाबतीत दगड होता. त्याला कारण होतं. त्याच्या थोरल्या लेकीचा नवरा अंगावर हळद असताना कसल्याशा कामाला ठाण्याला गेला, तो ताप घेऊनच परत आला आणि त्यातच गेला. लग्न लागलंच नाही. मांडव तसाच उतरवला. ती पोरगी अजून बापाच्या घरी दळण दळत होती. आता धाकटीच्या वेळी राघोनं भिवाकडनं वचन घेतलं होतं, "नवरा शिवंच्या भायेर गेला तर लगीन मोडलं. माजी शालू मी दुसऱ्यांदा रडताना बगनार नाय." थोरलीचं दुःख आणि धाकटीची भीती त्याच्या डोक्यात एकच होऊन बसली होती.

हळदीच्या दिवशी दुपारी शाळेचे अण्णा मास्तर माजिवड्याला आले. कोट, पगडी, आणि गुडघ्यापर्यंत चिखल. मी बंदरातच होतो. हळद लावून धाकूला खाडीवर आणलेला, सगळं वऱ्हाड काठावर.

मास्तर म्हणाले, "भिवाजी, उद्या धाकू नसेल तर आम्ही हरलो. दुसरा पोरगा उभा केला होता एकदा. चेंडू आला की तो डोळे मिटतो."

भिवा म्हणाला, "मास्तर, तुमी शिकलेली मानसं. मी शबूद दिलाय."

धाकू तिथंच उभा. पिवळाधम्मक, हातात कट्यार, कट्यारीला लिंबू खोचलेलं. नुसता कल्याणच्या दिशेनं बघत होता. त्याला शालूही पाहिजे होती. जत्रेत एकदा तिनं त्याला हातात चेंडू घेऊन हिंडताना बघून विचारलं होतं, "हा नारल कवा फोडनार?" तेव्हापासनं पाहिजे होती. आणि पेलाही पाहिजे होता. पोराचं तोंड असं झालं होतं, की मला वाटलं, माझीच एखादी फळी फुटली.

तेव्हा सगुणाबाय पुढं झाली. आमची धवलारीण. आमच्याकडे लग्न लावते ती हीच. ती धवले गाते, तिच्या गाण्यानं लग्न लागतं. म्हातारी, दोन दात शिल्लक, पण गावात तिचा शब्द शेवटचा.

ती म्हणाली, "मास्तर, हा पोरगा तितं करतो काय?"

"उभा राहतो, बाई. गोलात."

"धावतो?"

"नाही. तो जागेवरच असतो. फार तर दोन-चार पावलं."

सगुणाबायनं पानाची पिंक टाकली. "मंग कशाला एवडं तोंड पाडून बसलाव? पायाखाली आपल्या गावची माती असली, तर गाव सोडला असं कोन म्हनंल? माती न्या. तितं पसरा. त्याच्यावर उबा करा त्याला. पडाव तर गावचाच हाय. आन् पडावातनं मातीवर खांद्यावरनं न्या. पाय दुसरीकडं टेकला नाय म्हंजे झालं."

मग आनंदा एकदम ओरडला, "टोपल्या आना रं!"

मित्रांनो, मी जन्मभर मीठ वाहिलं. त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या पोटात माजिवड्याची माती भरली. कुणी देवळासमोरची आणली, कुणी शेताच्या बांधावरची, एका म्हातारीनं तर तुळशीतली मूठभर आणून टाकली. राघोकडे मानपाड्याला निरोप गेला. त्याचा उलट निरोप आला, "मी सोता कल्यानला येतो बगाया. मातीवरनं पाय उतरला, की माजी पोरगी तुमची नाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी भरती लागली तसा आम्ही निघालो. अख्खा गाव माझ्यात. हळदीला आणलेले खालूबाजावालेसुद्धा आले. त्यांचं म्हणणं, ठरवलंय तर वाजवणारच. धाकू मधोमध बसलेला, डोळे चेंडूसारखे गरगरीत. भिवा सुकाणू धरून एकच वाक्य पुन्हापुन्हा म्हणत होता, "पाय संबाल. चेंडू गेला तरी चालंल, पाय संबाल." आणि दर खेपेला धाकू म्हणायचा, "चेंडू बी जानार नाय, बाबा."

कल्याणचं मैदान खाडीला लागून होतं, मध्ये फक्त एक बांध. भरती पूर्ण चढलेली, त्यामुळं मी पाण्यावर उंच होतो आणि मला बांधापलीकडचं सगळं दिसत होतं. आमच्या माणसांनी वेशीत माती पसरली, पायांनी दाबली. धाकूला चौघांनी खांद्यावरनं नेऊन वर ठेवला, जसा देव ठेवतात. आगगाडीचे लोक बघतच राहिले. शिट्टीवाल्या साहेबाला माती चालली, पण कट्यार चालेना. तो हातवारे करायला लागला. शेवटी कट्यार भिवानं घेतली आणि वेशीच्या मागं जाऊन उभा राहिला. बाजूला राघो पाटील बसलेला. डोक्याला मुंडासं, तोंड बंद, नजर धाकूच्या पायावर. अख्ख्या मैदानात फुटबाल न बघणारा तो एकच माणूस.

गोदा मात्र माझ्यातनं उतरलीच नाही. पदर तोंडावर घेऊन पाण्याकडे तोंड करून बसली. "मला बगवनार नाय," म्हणाली. म्हणून आनंदा डोलकाठीवर चढला आणि वरनं तिला सांगायला लागला.

"वैनी, आला गं चेंडू! धाकूनं धरला!"

"पाय?"

"पाय जाग्यावर!"

"चेंडूचं सांगू नको. पायाचं सांग."

काय खेळला पोरगा! जमिनीला चिकटून आलेला, डोक्यावरनं आलेला, सगळे धरले. चेंडूवर त्याच्या हाताची हळद उमटली होती. थोड्या वेळात अख्खा चेंडू पिवळा. आगगाडीवाल्यांचा एक गोरा पोरगा चेंडूचा वास घेऊन शिंकला. आणि तेवढ्यात आमच्या कालेजाच्या पोरांनी पलीकडं जाऊन एक गोल केला! खालूबाजा वाजला. माजिवड्यानं असा आरडाओरडा केला, की खाडीतले बगळे उडाले.

मग शिट्टी झाली. अर्धा खेळ संपला. पोरं पाणी प्यायली. आणि दोन्ही टीमा चालत चालत समोरासमोरच्या बाजूंना जायला लागल्या.

भिवानं मास्तरांना विचारलं, "ह्ये कुटं चालले?"

मास्तर म्हणाले, "आता बाजू बदलायच्या. धाकूनं आता तिकडच्या गोलात उभं राहायचं."

भिवाच्या हातातनं कट्यार पडायचीच राहिली. "तिकडं? आन् माती हिकडं?"

मास्तरांनी कपाळाला हात लावला. त्यांना नियम माहीत होता, हो! पण त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं, की माती मैदानाच्या बरोबर चालत नाही. आणि आमच्या लोकांना काय माहीत? आमची वेस कधी अर्ध्या दिवसानं जागा बदलते का? सांगा तुम्हीच.

धाकू आपल्या मातीवर उभा. हलता येत नाही. साहेब शिट्टी मारतोय. राघो पाटील उठून उभा राहिला. उपरणं झटकून खांद्यावर टाकलं, जसा माणूस घरी निघताना टाकतो.

सगुणाबाय ओरडली, "बगत काय बसलाव, मुडद्यांनो! माती उचला!"

आणि मग जे झालं, ते मी जन्मात विसरणार नाही. चौघांनी धाकूला खांद्यावर घेतला. बाकीचा गाव गुडघ्यावर बसला आणि हातांनी माती टोपल्यांत भरायला लागला. लोक हसत होते. आगगाडीवालेही हसत होते. पण मग त्यांच्यातला एक, इंजिनात कोळसा टाकणारा, काळा कुळकुळीत झालेला माणूस, हसता हसता थांबला. कुणाला तरी विचारलं, काय भानगड आहे. ऐकल्यावर कारखान्याकडे पळत गेला आणि कोळशाची फावडी घेऊन आला, चार मित्रांना घेऊन. "चला, हात लावा!" म्हणाला. ज्यांच्याशी भांडायला आम्ही गेलो, तेच आमची माती ओढायला लागले. मैदानावरनं माणसांची रांग धावतेय, डोक्यावर टोपल्या, पुढं खालूबाजा, आणि सगळ्यांच्या वर पिवळा नवरा तरंगत चाललाय. साहेबसुद्धा शिट्टी मारायची विसरला.

पण माती सांडली ना. धावपळीत निम्मी वाटेत गेली. पलीकडच्या वेशीत पसरली तेव्हा अंथरुणाएवढाच तुकडा झाला. खांबापर्यंत पोचेना. दोन्हीकडे कल्याणची जमीन उघडी पडली.

राघो पाटलानं ते बघितलं. उपरणं परत काढलं आणि बसला. पण आता अगदी वेशीला टेकून बसला.

इकडे माझीही पंचाईत झाली. ओहोटी लागली होती. पाणी उतरायला लागलं तसा मीही खाली खाली गेलो आणि बांध माझ्यासमोर वर वर यायला लागला. आधी खेळणाऱ्यांचे पाय दिसेनासे झाले, मग कमरा. शेवटी मला फक्त डोकी दिसत होती, आणि वेशीची आडवी काठी. आता माझीही गत गोदासारखीच. आनंदा वरनं काय सांगेल तेवढंच.

"किती राह्यलं रं?" गोदा विचारायची.

"थोडंच, वैनी. साहेब घड्याल बगतोय."

"पाय?"

"हाय, हाय. पन चेंडू सारखा ह्याच्याच आंगावर येतोय. आगगाडीवाले ऐकत नाय."

मग एकदम आनंदाचा आवाज बंद झाला.

मला आडव्या काठीखाली धाकूचं डोकं दिसत होतं. ते एकदम उजवीकडं गेलं, खूप उजवीकडं, खांबाकडं, आणि खाली गेलं. दिसेनासं झालं. शिट्टी वाजली, लांब. ठाण्याची शाळकरी पोरं किंचाळायला लागली, पगड्या-टोप्या हवेत उडाल्या. आम्ही जिंकलो होतो!

पण माजिवडा ओरडला नाही. खालूबाजा वाजला नाही.

गोदानं पदर काढला. "आनंदा, बोल."

आनंदा सरसर खाली उतरला. "आडवला, वैनी. खांबापाशीचा आडवला. झेप घेतली त्यानं. पन..."

"पन काय?"

"पडला तो मातीच्या भायेर. दोनी पाय. कल्यानच्या जमिनीवर."

गोदानं माझ्या काठावर डोकं टेकलं. माझी फळी करकरली, ती तिच्या वजनानं नव्हे.

बांधावर माणसं दिसायला लागली. आधी भिवा, हातात कट्यार, मान खाली. मग धाकू, स्वतःच्या पायानं चालत. आता खांद्यावर घेऊन उपयोग काय होता? हातात चांदीचा पेला, तो असा धरलेला, जशी एखाद्याची वस्तू चुकून आपल्याकडे आली असावी. मागं अण्णा मास्तर, मागं कालेजाची पोरं, त्यांना कळेना, हे जिंकलेले लोक रडवेले का? त्यांच्या मागं आगगाडीवाले. आणि शेवटी राघो पाटील.

राघो बांधावर येऊन धाकूसमोर उभा राहिला. "का उडी मारलीस? म्हाईत नव्हतं?"

धाकू म्हणाला, "म्हाईत होतं. पन चेंडू येताना दिसला, आन् पाय मला इच्यारून गेले नाय."

कुणीतरी हसलं. धाकूनं पेला खाली ठेवला, राघोच्या पायाशी. "माजं चुकलं, पाटील. पेला तुमी ठेवा. पन शालूला सांगा, मी मुद्दाम नाय केलं."

राघोची नजर धाकूच्या ओल्या अंगावरनं हटेना. मी बांधाखाली, चिखलाला टेकायच्या बेतात, तरी मला दिसलं. तो रागावला नव्हता, मित्रांनो. तो घाबरला होता. अंगावर हळद असलेला पोरगा परक्या जमिनीवर उभा आहे, घामानं भिजलाय, वारं सुटलंय, संध्याकाळ होतेय. थोरल्या लेकीचं सगळं त्याच्या डोळ्यांसमोर उभं राहिलं असणार. त्यानं खांद्यावरचं उपरणं काढलं आणि धाकूच्या ओल्या अंगाभोवती गुंडाळलं. चांगलं आवळून.

मग वळून म्हणाला, "सगुणाबाय, एक सांग. हलदीचा नवरा शीव कदी ओलांडतो?"

"वरात निगाली की," सगुणाबाय म्हणाली.

"मंग निगाली म्हन ना!"

सगुणाबायनं नीट ऐकायला कान पुढं केला. राघो ओरडला, आणि त्याचा आवाज फाटला, "निगाली म्हन, म्हातारे! हा शिवंच्या भायेर हाय, म्हंजे वरात निगालीय. आत्ताच्या आत्ता माज्या दारात आनून उबा करा त्याला. उद्याची वाट बगायला माज्यात दम नाय. एकदा लगीन लागू दे, मंग बसू दे त्याला चेंडू धरत जन्मभर!"

सगुणाबायचे दोन्ही दात दिसले. "निगाली!" तिनं हात वर केले. "वरात निगाली गं बायांनो!"

आणि मग, मित्रांनो, अडकून राहिलेला सगळा आनंद एकदम फुटला. खालूबाजा वाजायला लागला. माजिवड्याची माणसं, कालेजाची पोरं, सगळे बांधावर नाचायला लागले. अण्णा मास्तरांची पगडी खाडीत पडली, त्यांना पत्ता नाही. भिवा माझ्या नाळेवर थापा मारत होता, "चल रं माज्या राजा, चल! पानी हाय तवर चल!" गोदा हसत होती, रडत होती, शिव्या देत होती, कुणाला ते कुणालाच कळेना. सगुणाबाय म्हणाली, "वरातीला कऱ्हा नाय घेतलेला!" तर गोदानं तो चांदीचा पेलाच उचलला, त्यात पाणी घातलं, वर आंब्याचा टाळा ठेवला. कऱ्हा तयार.

राघो आनंदाला म्हणाला, "त्या फावडेवाल्यांना बी घ्या रं. हरलेत, पन मानसं चांगली हायत. जेवून जातील." कोळसेवालाही चढला. एवढं ओझं मी कधी वाहिलं नव्हतं. मीठ गप्प बसतं, ही माणसं नाचत होती. पाणी माझ्या काठाला लागलं. तरी मी डुललो नाही. ओहोटीनं आम्हाला अलगद डोंबिवलीच्या काठाला नेऊन लावलं.

राघो आधीच उडी मारून पुढं धावला, मुंडासं हातात घेऊन, मांडवात बातमी द्यायला. वरात वाजतगाजत शेतातनं मानपाड्याकडे गेली. लग्न काही मी बघितलं नाही. पडावाला कोण अंगणात नेतो? मी चिखलात टेकलो आणि लांबनं सगुणाबायचे धवले ऐकत राहिलो. वाऱ्यानं अर्धे आले, अर्धे गेले.

दुसऱ्या दिवशी ओहोटीच्या वेळी नवरानवरी आली. माझ्यात पाय ठेवण्याआधी शालू थांबली. "त्यो चेंडू कुटं हाय?"

धाकूनं दाखवला. पिवळाजर्द.

ती म्हणाली, "ह्याच्यापायी मला एक दिस आदी आईला सोडावं लागलं." आणि तिनं पदर खोचून असली लाथ हाणली, की चेंडू खाडीच्या मध्यावर जाऊन पडला. धाकूनं कपड्यांसकट उडी मारली. तेव्हाच मी ओळखलं, घर नीट चालणार ह्यांचं.

आणि चाललं. धाकूला मिठाच्या कचेरीत नोकरी लागली. सामन्याच्या दिवशी मात्र तो वेशीत, आणि वेशीच्या मागं राघो पाटील. आता तो पायांकडे बघायचा नाही. चेंडूकडे बघायचा, आणि सगळ्यांत मोठ्यानं ओरडायचा. थोरल्या लेकीलाही बरोबर आणायचा. ती एकदा तोंड भरून हसली तेव्हा मी बांधाजवळच होतो.

माझं काय झालं विचारता? दिवस बदलले. मीठ आगगाडीनं जायला लागलं. भिवा थकला, मग गेला. जायच्या आधी चार माणसांच्या आधारानं येऊन माझ्या नाळेवर हात फिरवून गेला. त्याच्यानंतर तेल पाजणारं कोण राहिलं? एकदा उन्हाळ्यात मला पालथा घातला, तो पालथाच राहिलो. पोरं येतात, खिळे उपटून नेतात. एक फळी कुणाच्या तरी चुलीत गेली. गाव वाईट नाही, पण कामाचं काही उरलं नाही की माणसांची नजर पुढं सरकते. शालू सुकट वाळत घालायला येते, तेव्हा कधी हाताला लागलेलं तेल माझ्यावर पुसते. तेवढंच.

तर मित्रांनो, माझं एवढं ऐका. माझे खिळे काढू नका. वर्षातनं एकदा वाटीभर तेल आणा आणि फडक्यानं माझ्या पाठीवर चोळा. मला परत पाण्यात जायचं नाही, माझं वय झालं. तेल कशाला, ते सांगतो. सुकलेलं लाकूड ठोकलं तर नुसतं भद्द करतं, आणि तेल प्यायलेलं लाकूड खणखणीत वाजतं. उद्या तुमची टीम जिंकेल. कुठंही जिंका, कशातही जिंका. धावत खाडीवर या, आणि ढोलवाला वेळेवर नाही मिळाला, तर थांबू नका. पालथा पडाव फार छान वाजतो. या, आणि बडवा मला.